कूलर दुसऱ्या मजल्यावर न्यायचा आहे, अंगात अडकवायचे पट्टे कामाचे आहेत का?

शिलाईवाली, मानेवाडा

नमस्कार मंडळी.

होळी झाली, दुपारी पंखा गरम हवा फेकून राहिला आणि आमचा कूलर अजून खाली पार्किंगमध्ये, जिन्याखाली ताडपत्री पांघरून उभा आहे. दरवर्षी होळीनंतर तो वर नेतो आणि दिवाळीआधी खाली आणतो. बारा महिने वर ठेवायची सोय नाही. गॅलरी जेमतेम साडेतीन फूट, हिवाळ्यात तिथे माझं शिलाई मशीन असतं आणि त्यावर घर चालतं.

कूलर पत्र्याचा आहे. दोन बाय दोन फूट, उंची तीन फूट, स्टँड वेगळा. सासऱ्यांनी वीस वर्षांपूर्वी बनवून घेतला होता, जाड पत्र्याचा, म्हणून अजून टिकला. घर दुसऱ्या मजल्यावर, जुनी फ्लॅट स्कीम, लिफ्ट नाही. ३६ पायऱ्या आणि तीन वळणं.

मागच्या वर्षीचं सांगते, म्हणजे इतकं खोदून का विचारून राहिले ते कळेल. माझे भासरे वरच्या बाजूने उलटे चढत होते, मी खालून. आम्हाला वाटलं, ओढणाऱ्यालाच खरी ताकद लागते, खालच्याने नुसता हात लावायचा. कूलरला धरायला जागाच नसते. खालची कड हाताला लागते, बाजूची जाळी दाबली की वाकते. म्हणून नायलॉनची दोरी गुंडाळून तिचे दोन फासे केले होते. पहिलं वळण पार झालं. दुसऱ्या वळणावर कूलर फिरवताना दोरी भासऱ्यांच्या बोटांत रुतली. बोटं पांढरीफटक पडलेली मला दिसत होती. ते "थांब, थांब" म्हणाले तोवर हात सुटला. कूलर एक पायरी खाली आला तो माझ्या नडगीवर. पत्र्याचा कोपरा लागला, सहा टाके पडले. भासरे आठ दिवस माझ्याशी मान वर करून बोलले नाहीत. त्यांची काय चूक? साठीचा माणूस, दोरी बोटं कापत असताना किती धरणार?

यंदा मी आणि माझा मुलगा नेणार. तो १९ वर्षांचा आहे, अंगाने धड आहे. ऑनलाइन दोन तऱ्हेचे पट्टे दिसून राहिले. एक खांद्यावर जॅकेटसारखा चढवायचा, दोघांच्या मधात पट्टा आणि त्यावर वस्तू. दुसरा कोपराजवळ हातात अडकवायचा. यातला कोणता घ्यावा? जिन्यावर चालतो का?

दुसरं असं, मी शाळेच्या बॅगा आणि कूलरची कव्हरं शिवते. सासूबाईंच्या जुन्या पलंगाची निवार घरात पडून आहे, चांगली तीन इंची. तिचाच पट्टा शिवला तर? शिवणीची मला भीती नाही, वजनाचं मात्र काही कळत नाही.

आणि कमरेला करकचून बांधायचा रुंद पट्टा मिळतो, त्याने पाठ वाचते का?

हमाली द्यायला माझी ना नाही. पण कापडाचे तागे, गाद्या, मशीनचं टेबल, आमच्याकडे वर-खाली चालूच असतं. म्हणून नीट शिकून घ्यायचं आहे.

बिछायतवाला, नंदनवन

ताई, सहा टाके वाचून जीव कळवळला. पायावर निभावलं हे देवाचं देणं समजा.

आमचं बिछायत केंद्र आहे, वडिलांच्या वेळचं. लग्नसराईत जंबो कूलर, सोफे, स्वयंपाकाचे मोठे गंज, गाद्यांचे गठ्ठे, हे रोज कोणाच्या तरी गच्चीवर नाहीतर पहिल्या मजल्याच्या हॉलमध्ये चढवायचंच असते. पट्टे वापरून आम्हाला आठेक वर्षं झाली. त्याआधी दोरी आणि गमछा. गमछा दोरीपेक्षा बरा, पण घामाने ओला झाला की सरकते.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा. पट्ट्याने वजन एक छटाकभरही कमी होत नाही. ते बोटांवरून उठते आणि जिथे अंगाची ताकद आहे तिथे जाते. आपल्या आज्या चुंबळ ठेवून डोक्यावर भरलेला गुंड आणत. तोच गुंड हातात लटकवून विहिरीवरून घरी आणता आला असता का? बोटं अंगातली सगळ्यात आधी दमणारी जागा. तुमच्या भासऱ्यांची पाठ दमली नव्हती, पाय दमले नव्हते. बोटं दमली.

आता पट्ट्याआधीचं काम. कूलर आख्खा उचलू नका. मागची मोटर-पंखा चार बोल्टवर असते, ती काढा. पंप काढा. तिन्ही बाजूंच्या खसच्या ताट्या काढा, त्या तशाही नव्या भरायच्याच असतात. उरते नुसता डबा. टाकीचं बूच काढून कूलर तिरपा करा आणि मागच्या वर्षीचं पाणी, गाळ सगळं जाऊ द्या. दोन बाय दोनच्या टाकीत इंचभर पाणी राहिलं तरी नऊ किलोच्या वर होते. अन् ते पाणी एका जागी राहत नाही. तुम्ही डबा तिरपा केला की सगळं खालच्या माणसाकडे धावते, तेही नेमकं तो पाय उचलत असतो तेव्हा.

डब्याचं वजन करून घ्या. तुमच्याकडे भंगारवाला येत असेल, त्याचा काटा चालते. अंदाजावर जाऊ नका, अंदाज नेहमी कमीच निघतो.

आता खांद्याचा की हाताचा. खांद्याचा पट्टा सपाट जागेवर राजा आहे. हॉलमधून ट्रकपर्यंत, अंगणातून फाटकापर्यंत, आम्ही त्याच्यावर मोठमोठे सोफे नेतो आणि पोरं गप्पा मारत जातात. पण जिन्यावर मी तो बंद केला. कारण सांगतो. एका लग्नाच्या कामात वरच्या पोराने खांद्याचा पट्टा घातला होता. खालच्याचा पाय चपलेतून निसटला. डबा खाली बसला, अन् पट्ट्याने वरच्या पोराला तीन पायऱ्या ओढत नेलं. त्याला हात सोडता येत होता, पण पट्टा तर अंगात होता. दंडाचं हाड मोडलं. त्या दिवशी मी त्याच्या आईसमोर बसलो होतो, ते मला आजही आठवते. काही लोक जिन्यावरही खांद्याचा वापरतात, सराव असेल तर जमत असेल. मी माझ्या पोरांना घालू देत नाही. हाताचा पट्टा हात खाली केला की सुटून जाते, हा त्याचा मोठा गुण.

हाताचा पट्टा असा लावतात. दोन पट्टे डब्याखालून घालायचे, खाली त्यांची फुली पडली पाहिजे. समांतर ठेवले तर डबा मधातून सरकते, फुली असली की तो पाळण्यात बसल्यासारखा बसते. पत्र्याची कड पट्ट्याला कापते, म्हणून चारही जागी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे नाहीतर दुमडलेलं गोणपाट. पट्ट्याच्या टोकाला दोन-तीन लूप असतात, उंचीप्रमाणे निवडायचे. लूप मनगटावर नाही, पार कोपराच्या घडीपाशी. हात कोपरात काटकोनात वाकलेले, तळवे डब्याला दोन्ही बाजूंनी टेकलेले. तळव्यांनी उचलायचं नाही, डबा हलू नये म्हणून नुसता आवरायचा. पट्टा हाताला गुंडाळायचा मात्र कधीच नाही. कोणी म्हटलं, एक वेढा घे म्हणजे घट्ट होते, तरी नाही.

उठताना दोघांनी गुडघे वाकवून बसायचं, लूप चढवायचे आणि पायाने उठायचं. डबा जमिनीपासून चार बोटं वर आला की पुरे. पुष्कळ लोक तो छातीपर्यंत घेतात, मग पायरी दिसत नाही. खाली लटकत राहिला की वरून पाय दिसते.

तुमची मागच्या वर्षीची चूक सांगतो, राग मानू नका. जिन्यावर खालच्या माणसावर जास्त भार येतो. जिना जितका उभा, तितका जास्त. तुमचा मुलगा खाली आणि तुम्ही वर. उंच माणूस खाली असला म्हणजे डबाही फार तिरपा होत नाही. आणि खालच्या माणसाच्या मागे कोणी उभं राहायचं नाही. मदतीला म्हणून शेजारचे येतात आणि बरोबर तिथेच उभे राहतात. तिसरा माणूस वरच्या बाजूला, तुमच्या पाठीशी. तो तुम्हाला पायरी सांगेल, दार उघडून ठेवेल.

वळणावर फिरता फिरता चालू नका. डबा खाली ठेवा, पट्टे सोडा, हाताने सरकवून फिरवा, पुन्हा पट्टे लावा. तीन वळणं म्हणजे तीन वेळा. दहा मिनिटं जास्त लागतील. लागू द्या.

पायात बूट, चप्पल नाही. काम सकाळी सातला. आपल्या नागपुरात २०१३ च्या मेमध्ये पारा ४७.९ वर गेला होता, तेव्हा तर सकाळी नवालाच हाताला घाम सुटत होता. तुमचं काम मार्चातलं आहे, तरी दुपारी करू नका.

हिंगणा एमआयडीसीतून

काकांनी चालवायचं सगळं सांगितलं, मी पट्ट्याबद्दल लिहितो. मी कारखान्यात स्टोअरला आहे, क्रेनचे पट्टे तपासून देणं हे माझं रोजचं काम.

ताई, निवारीचा नाद सोडा. ती सुती. पलंगावर तिच्या वीस-पंचवीस पट्ट्या मिळून एका माणसाचं वजन वाटून घेतात, इथे दोनच पट्टे झटके खाणार. शिवाय सुताला ओल लागली की ते आतून कुजतं आणि वरून कळत नाही. पट्टा पॉलिएस्टरचा घ्या. नायलॉन मजबूत आहे, पण ताणतो, ओला झाला की जास्त. जिन्यावर पट्टा रबरासारखा खालीवर झाला तर तोल जातो. बाजारात स्वस्त पट्टे पॉलिप्रॉपिलीनचे असतात, हलके आणि चकचकीत. ते उन्हात पडले की ठिसूळ होतात, आणि आपलं ऊन तुम्हाला माहीत आहे.

आमच्याकडे प्रत्येक पट्ट्यावर शिवलेलं लेबल असतं, त्यावर किती भार उचलायचा ते लिहिलेलं. रंगही ठरलेले, जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३. लेबल वाचता येत नसेल तर पट्टा कितीही नवा दिसो, आम्ही बाद करतो. कापडी पट्टा लेबलवरच्या भाराच्या सातपटीला तुटेल असा बनवलेला असतो. एवढी सूट का ठेवतात? कारण झटका, कड, घासणं, ऊन हे सगळं त्यातूनच खर्ची पडतं. तुम्ही घेताय त्या पट्ट्यावरही भार छापलेला पाहिजे. नसेल तर घेऊ नका.

गाठ मारू नका. गाठीपाशी दोरीची किंवा पट्ट्याची ताकद जवळपास निम्मी होते. ट्रकवर माल आवळायचे रॅचेटचे पट्टे मिळतात, तेही उचलायला नाहीत, फक्त बांधायला.

आणखी एक हिशेब. पट्टा सरळ उभा लटकत असेल तर ४० किलोचा डबा दोघांना २०-२० किलो पडतो. तुम्ही दोघं डब्यापासून लांब उभे राहिलात आणि पट्टा उभ्या रेषेपासून ६० अंश झुकला, तर त्याच डब्यासाठी प्रत्येक बाजूच्या पट्ट्यावर ४० किलोचा ताण येतो. डबा तोच. म्हणून डब्याला अगदी चिकटून उभं राहायचं. पत्रा अंगाला लागतो म्हणून माणसं मागे सरकतात. जुनी चादर गुंडाळा, पण मागे सरकू नका.

फिजिओथेरपी करणारी, धरमपेठ

कमरेच्या पट्ट्याचा प्रश्न राहिला म्हणून लिहिते. माझ्याकडे एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये कूलर उचलून पाठ धरलेले लोक येतातच.

अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी नियॉश ही सरकारी संस्था आहे. तिने १९९४ साली या पट्ट्यांचा अभ्यास तपासला आणि निरोगी माणसाची दुखापत त्याने टळते असा पुरावा मिळत नाही, असं सांगितलं. माझं निरीक्षणही तेच. पट्टा बांधला की माणसाला बळ आल्यासारखं वाटतं आणि तो एरवी उचलणार नाही ते उचलतो. मला त्याचीच भीती वाटते. तुम्हाला तो डॉक्टरांनी एखाद्या दुखण्यासाठी दिला असेल तर गोष्ट वेगळी.

त्याच संस्थेचा एक आकडा लक्षात ठेवा, २३ किलो. वस्तू अंगाजवळ, धरायला चांगली, हात फार खाली नाहीत, अंग वळवायचं नाही, असं सगळं जुळून आलं तर एका माणसाने उचलायची ही वरची मर्यादा. वस्तू अंगापासून लांब गेली, कंबर वळली, पकड वाईट असली, की ती भराभर खाली येते. जिन्यावरचा कूलर म्हणजे हे सगळं एकदमच. तेव्हा मोटर आणि ताट्या काढायचा काकांचा सल्ला माझ्या दृष्टीने पट्ट्याहूनही मोलाचा आहे.

वळायचं तर पाय वळवा, कंबर नाही. हातावरचा पट्टा शिरांवर दाब देतो, म्हणून पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट घाला. बोटांना मुंग्या आल्या तर लगेच खाली ठेवा. "एवढी पायरी होऊ दे" असं नाही.

हर्निया असलेल्यांनी, हृदयाचा त्रास असलेल्यांनी, नुकतंच डोळ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालेल्यांनी आणि गरोदर बाईने या पट्ट्याला हात लावायचा नाही, घरात कितीही घाई असली तरी. ताई, तुमचे टाके पडून वर्ष झालं असलं तरी गुडघे वाकवून बसताना नडगी ओढते का, ते आधी रिकाम्या हाताने पाहा.

शिलाईवाली, मानेवाडा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल कूलर वर चढला. जसं झालं तसं लिहिते.

निवार बाजूला ठेवली. मनाला लागलं थोडं, कारण वीस वर्षं शिवण करते आणि स्वतःच्या हाताचा पट्टा नको म्हणायचं. पण एमआयडीसीवाल्या भाऊंचं पटलं. हाताचे तयार पट्टे मागवले, पॉलिएस्टरचे, भार छापलेले. पहिले आले त्यातल्या एकाला लूपजवळची शिवण पाहिली तर टाके उडालेले. तिथे चौकोन आणि आत फुली अशी शिवण असते. फुलीच्या एका रेघेवर पाऊण इंच दोरा नुसता वरून गेलेला, खालच्या दोऱ्याने त्याला पकडलंच नव्हतं. बॉबिन ढिली असली किंवा सुई बोथट झाली की असं होतं. दिसायला शिवण सरळ दिसते, नख घालून उचललं की दोरा अख्खा वर येतो. बॅगेत असे टाके गेले तर मी गिऱ्हाइकाला बॅग देत नाही. परत पाठवले. दुसरे आले ते चांगले निघाले. ज्या कोणी घेतील त्यांनी प्रत्येक लूपची शिवण दोन्ही अंगांनी नखाने पाहावी, एवढं माझ्याकडून.

शिवायचं ते मी शिवलंच. कोपराखाली येणाऱ्या भागासाठी जुन्या जीन्सच्या बाह्या केल्या, आत फोमची पट्टी, पट्ट्यावर सरकवता येतील अशा. पट्ट्याला सुई लावली नाही. कडांसाठी सायकल ट्यूबच्या तुकड्यांना वेल्क्रो लावला, म्हणजे ते पडत नाहीत.

भंगारवाल्याच्या काट्यावर कूलर ४१ किलो भरला. मोटर-पंखा, पंप आणि ताट्या काढल्यावर २४. टाकीत गाळाचा थर होता, बोटभर, वाळून सिमेंटसारखा झालेला, तो खरवडून मग हे २४ आले. मागच्या वर्षी आम्ही तो सगळा वर नेत होतो. मोटर मुलाने कापडी पिशवीत घालून वेगळी नेली, ताट्या मी काखेत.

आधी खाली पार्किंगमध्ये सराव केला. पट्ट्यावर पाण्याच्या २० लिटरच्या दोन भरलेल्या कॅन एका फळीवर ठेवून उचलल्या, म्हणजे ४० किलो. जमिनीपासून चार बोटं, त्याहून वर नाही. पहिल्यांदा उठताना मी पाठीने उठले, मुलगा पायाने, आणि कॅन माझ्याकडे घसरल्या. चौथ्यांदा बरोबर जमलं. "एक, दोन, उठ" असं तो म्हणायचा. चढताना मात्र शब्द मी द्यायचे, कारण पायरी मला दिसत नव्हती. माझ्या मागे आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी होत्या, त्या "पायरी, पायरी, आता सपाट" असं सांगत होत्या.

खाली मुलगा, वर मी. भासरे आले होते. त्यांना वाटत होतं आपणही हात लावावा. मी म्हटलं, "दादा, तुम्ही पहिल्या वळणावर उभे राहा आणि कोणी खाली उतरायला लागलं तर थांबवा." ते तिथे काठी घेऊन उभे राहिले, आणि खरंच एक पोरगं सायकल घेऊन उतरत होतं, त्याला त्यांनी अडवलं.

दुसऱ्या वळणावर माझा पाय अडखळला. पडले नाही, नुसता बूट पायरीच्या कडेला लागला. पण मागच्या वर्षीची जागा तीच, अंगावर काटा आला. मी "ठेव" म्हटलं, दोघं एकदम बसलो, डबा पायरीवर टेकला, हात खाली करताच लूप सुटले. तो क्षण मला कळला. मागच्या वर्षी "थांब" म्हणून उपयोग नव्हता, कारण थांबायला बोटांत जीव उरला नव्हता. काल थांबता आलं. दोन मिनिटं तिथेच बसले, पाणी प्यायले, डबा हाताने सरकवून वळवला, मग पुढे.

पार्किंगपासून गॅलरीपर्यंत पंचवीस मिनिटं लागली. हातावर लाल पट्टे उमटले होते, संध्याकाळपर्यंत गेले. मुलाच्या हाताला कमी लागलं, त्याच्या बाहीतला फोम जाड होता. माझ्याही बाहीत आता तसाच भरते.

फिजिओ ताई, नडगी ओढली नाही. खाली बसताना थोडी जाणवते, बस.

बिछायतवाले काका, एक विचारायचं होतं. सासूबाईंचं जुनं लोखंडी कपाट आहे, आरसा लावलेलं, साडेसहा फूट उंच. ते खाली उतरवून पुतण्याच्या घरी द्यायचं आहे. काल सगळं नीट झाल्यावर मुलगा म्हणाला, "आई, हेही आपणच नेऊ." मी नाही म्हटलं. ते उंच आहे, त्याचा वरचा भाग जड आहे आणि उतरायचं आहे. तुमची दोन पोरं रविवारी सकाळी मानेवाड्याला येऊ शकतील का, आणि आरसा आधी काढून ठेवायचा की तेच काढतात?

बिछायतवाला, नंदनवन

ताई, येतील. रविवारी साडेसहाला. आरसा तुम्ही काढू नका, मागे खिळपट्ट्या असतात, जोर लावला की तडकते. तो पोरं काढून रजईत गुंडाळतील. तुम्ही फक्त कपाटाची कुलपं काढून ठेवा, खण रिकामे करा आणि दारं ओढणीने बांधा.